अपडेट येऊन राहिलं, फोन जाऊन राहिला

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती की जुन्या फोनचं काही अडलं असेल तर लिहून पाठवा, आणि परवा संपादकांनी माझ्या नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानात येऊन काउंटरवर पाकीटच आपटलं. चिठ्ठ्या, प्रिंट काढलेले मेल, एकाने तर फोनच्या स्क्रीनचा फोटो झेरॉक्स करून पाठवला, काळाकुट्ट, अक्षर दिसेल तर शपथ. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आणि नावं काढून टाकली. मी कंपनीचा माणूस नाही, सोल्डरिंगचा गन हातात धरून बसणारा रिपेअरवाला आहे, तेव्हा भाषा तशीच राहील.

प्रश्न : भाऊ, मी निवृत्त शिक्षिका, मानेवाड्याला राहते. माझा फोन २०१९ चा, अँड्रॉइड ९. एक ओरखडा नाही त्याला. गेल्या महिन्यात बँकेचं ॲप म्हणालं नवीन व्हर्जन टाका, टाकायला गेले तर प्ले स्टोअर म्हणतं हे ॲप तुमच्या फोनवर चालत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर तिथे लिहिलंय तुमचा फोन अप टू डेट आहे. मग खरं कोण बोलून राहिलं? आणि चांगला फोन टाकून नवीन कशाला घ्यायचा?

उत्तर : मॅडम, दोघंही खरं बोलून राहिले, तीच तर गंमत आहे. फोन म्हणतो माझ्या कंपनीने मला जेवढं दिलं तेवढं सगळं माझ्याजवळ आहे, बास. त्याने पुढचं काही मिळणार नाही हे सांगितलं नाही, कारण ते सांगायचं कुठलंही बटण फोनमध्ये नसतं.

आता का मिळत नाही, तर आपल्याकडचा कूलर डोळ्यासमोर आणा. बॉडी एकाची, मोटर दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा, आणि दुकानदार सगळं जोडून स्वतःचं स्टिकर लावतो. फोनचंही तसंच आहे. अँड्रॉइड गूगल बनवतं, चिप दुसरी कंपनी बनवते आणि त्या चिपला चालवणारं आतलं सॉफ्टवेअरही तीच देते, मग फोनची कंपनी दोन्ही जोडते, वर स्वतःचा रंग मारते आणि विकते. चिपवाल्याने सांगितलं की या मॉडेलच्या चिपसाठी आम्ही आता नवीन अँड्रॉइडचं काही बनवत नाही, की फोनवाल्याचे हात बांधले. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा हात बांधलेले नसतातच, त्याला तुम्हाला नवीन फोन विकायचा असतो. दहा हजाराच्या फोनमागे तीन वर्षं माणसं बसवून टेस्टिंग करणं त्याला परवडत नाही, तो गप्प बसतो.

गूगलला हे कळत नव्हतं असं नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं तेव्हा त्यांनी आतली रचनाच फोडून दोन भाग केले, चिपचा भाग वेगळा आणि अँड्रॉइडचा वेगळा, ट्रेबल नाव त्या कामाचं, म्हणजे मोटर न काढता कूलरची बॉडी बदलता यावी. त्याने अपडेट लवकर यायला लागले पण किती वर्षं द्यायचे हे कंपनीच्याच मर्जीवर राहिलं. मग २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही आतले तुकडे थेट प्ले स्टोअरवाल्या रस्त्याने बदलायची सोय झाली, फोनच्या कंपनीला न विचारता. तुमचा फोन नेमका ९ वर अडकला. एका पायरीने हुकला मॅडम, काय करता.

बँकेच्या बाजूने बघा आता. ॲप बनवणारा त्यात लिहून ठेवतो की किमान अमुक अँड्रॉइड पाहिजे, आणि दर एक दोन वर्षांनी तो आकडा वर सरकवतो, कारण जुन्या अँड्रॉइडवर चोर शिरायची भोकं बुजवलेली नसतात आणि पैशाचं काम आहे. खुद्द गूगलच्या क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ सोडलं, १३८ हे त्यांच्यासाठी शेवटचं व्हर्जन. म्हणजे ज्याने फोनचं सॉफ्टवेअर बनवलं त्याचाच ब्राउझर आता तुमच्या फोनला नवीन मिळत नाही, तर बँकेला काय बोलणार.

करायचं काय ते सांगतो. सेटिंगमध्ये अबाउट फोन उघडा, तिथे सिक्युरिटी पॅचची, म्हणजे ती भोकं शेवटची कधी बुजवली त्याची, तारीख असते, अँड्रॉइडचा आकडा बघू नका, ती तारीख बघा. ती दोन वर्षांहून जुनी निघाली तर या फोनवर पैशाचं काम बंद करा, फोन कितीही चकचकीत असू द्या. बाकी फोन, व्हॉट्सॲप, फोटो, नातवाचे व्हिडिओ, यूट्यूबवरचं कीर्तन, चालू द्या की, कोण अडवून राहिलं. नवीन फोन लगेच घ्यायचा नसेल तर शिल्लक बघायला आणि थोडेबहुत पैसे पाठवायला स्टार ९९ हॅश डायल करून होतं, साध्या बटणाच्या फोनवरूनही होतं, नेट लागत नाही, फक्त नंबर बँकेत नोंदलेला पाहिजे.

आणि एक हात जोडून. प्ले स्टोअर देत नाही म्हणून कुणी एपीके, म्हणजे बाहेरून ॲप टाकायची फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवली तर टाकू नका. 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चालान', 'बँक केवायसी' असली नावं असतात त्यांना, टाकली की मेसेज वाचून घेतात, ओटीपी त्यांच्याकडे आणि खातं साफ. सक्करदऱ्याचे एक काका माझ्यासमोर स्टुलावर बसून रडले आहेत, म्हणून सांगतो.

नवीन घेणार असाल तर दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे मागून विचारा, आधी विचारा अपडेट किती वर्षं आणि ती वर्षं कुठून मोजायची. पिक्सेल ८ ला गूगलने आणि गॅलेक्सी एस २४ ला सॅमसंगने सात वर्षं सांगितली, पण ती फोन बाजारात आला तेव्हापासून, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त मिळणारं मॉडेल दोन वर्षं जुनं असलं तर दोन वर्षं तुम्ही न वापरताच खर्च झालेली असतात. युरोपमध्ये जून २०२५ पासून कायदाच झालाय की फोन विकणं बंद केल्यावर पाच वर्षं अपडेट द्यायचे. म्हणजे तिथे मोजणी शेवटून होते. ते आपल्याकडे कधी होईल तेव्हा होईल.

प्रश्न : इतवारीत आमचं किराणा होलसेलचं दुकान आहे. २०१४ पासून उधारीचा हिशेब एका छोट्या मराठी ॲपमध्ये ठेवतो, बनवणारा कोण होता माहीत नाही, आता प्ले स्टोअरवर ते ॲप नाही. पोराने नवीन फोन घेऊन दिला, अँड्रॉइड १४. जुन्या फोनमधून ॲपची फाइल काढून नव्यात टाकली तर म्हणतो हे जुन्या अँड्रॉइडसाठी बनलंय, घेतच नाही. माझ्या साडूच्या फोनवरही अँड्रॉइड १४ आहे, त्याच्याकडे हेच ॲप मस्त चालून राहिलं. हा काय प्रकार?

उत्तर : शेठ, या पाकिटातला सगळ्यात भारी प्रश्न तुमचा. सगळे विचारतात जुन्या फोनवर नवीन ॲप का चालत नाही, तुम्ही उलटं विचारलं.

प्रत्येक ॲपमध्ये दोन आकडे असतात. एक किमान आकडा, तो वर मॅडमना सांगितला. दुसरा असतो तो म्हणजे हे ॲप कुठल्या अँड्रॉइडच्या रीतीभातीने वागणार. नवीन अँड्रॉइड हा दुसरा आकडा बघतो आणि म्हणतो, अच्छा, म्हातारबुवा आहेत, यांच्याशी जुन्या पद्धतीने बोलू. घरात आजोबा जेवायला बसले की टीव्हीचा आवाज कमी करतात ना, तसं. म्हणून दहा वर्षांपूर्वीची कितीतरी ॲपं नव्या फोनवर मुकाट चालतात, आपल्याला कळतही नाही की आत कोणीतरी त्यांच्यासाठी जुनं वागणं सांभाळून राहिलंय.

पण या सांभाळण्याचा चोरांनी फायदा घेतला. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲपला कॅमेरा पाहिजे, मेसेज पाहिजे, कॉन्टॅक्ट पाहिजे तर त्या त्या वेळी तुम्हाला विचारावं लागतं. त्याच्या आधी टाकतानाच सगळं एकदम मंजूर व्हायचं. तर चोर काय करायचे, आत्ता बनवलेल्या ॲपवर मुद्दाम जुना आकडा लिहायचे, मी ५.१ च्या काळातला आहे म्हणायचे, आणि अँड्रॉइड त्यांना न विचारता सगळं द्यायचं. म्हणून अँड्रॉइड १४ ने दारावरच पाटी लावली की ६ च्या आधीच्या रीतीचं ॲप नव्याने टाकता येणार नाही. नव्याने, हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या साडूचा फोन आधी १२ किंवा १३ वर असणार, ॲप तेव्हाच आत बसलेलं, मग फोन अपडेट होऊन १४ झाला. आत असलेल्याला बाहेर काढत नाहीत. तुम्ही मात्र १४ च्या दारातून आत जायला बघून राहिले. त्याला सांगा चुकूनही ते ॲप काढू नको आणि फोन रिसेट मारू नको.

कॉम्प्युटरला जोडून कमांड देऊन ही पाटी ओलांडता येते, माझ्याकडे आणलं तर मी करूनही देईन, पण करू नका असंच सांगेन. कारण पुढची भिंत त्याहून मोठी आहे. जुनी ॲपं ३२ बिटची, म्हणजे चिपच्या जुन्या पद्धतीने बनलेली, असू शकतात आणि काही नव्या फोनांनी ३२ बिट चालवणंच सोडलंय, पिक्सेल ७ पासूनचे पिक्सेल तसेच आहेत. आयफोनवाल्यांनी तर २०१७ मध्येच, त्यांचं आयओएस ११ हे सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी, ३२ बिटची सगळी ॲपं एका झटक्यात बंद केली. आज कमांड मारून चालवाल, पुढचा फोन घ्याल तेव्हा परत इथेच.

त्यापेक्षा जुना फोन मुनीम म्हणून ठेवा. सिम काढा, नेट बंद, गल्ल्याजवळ. आणि या महिन्यात एक दिवस बसून त्या ॲपमध्ये एक्स्पोर्ट किंवा बॅकअप असं काही आहे का बघा, एक्सेलची फाइल निघाली तर सोनं. नाही निघाली तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि चालू बाकी वहीत. दहा वर्षांची उधारी एका अनोळखी माणसाच्या ॲपवर, शेठ, तुमची छाती मोठी आहे बाप्पा.

प्रश्न : अपडेट टाकला आणि फोन कासव झाला. गरम होतो, बॅटरी दुपारीच संपते. मला जुनंच व्हर्जन परत पाहिजे, किती घ्याल? (हा प्रश्न अकरा जणांचा, धरमपेठपासून कळमन्यापर्यंत.)

उत्तर : अकराही जणांनी आधी दोन रात्री फोन चार्जिंगला लावून झोपा. थट्टा नाही करून राहिलो. मोठा अपडेट आला की फोन आतल्या सगळ्या ॲपांना नवीन व्हर्जनप्रमाणे परत घासूनपुसून घेतो आणि हे काम तो चार्जिंगला, रिकामा असताना करतो. फोटोंची यादीही परत लावतो. पहिले दोन दिवस तो गरम होणार, बॅटरी खाणार. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक तो घेऊन माझ्या काउंटरवर येतं, मी म्हणतो परवा या, परवा कोणी येत नाही.

तीन दिवसांनंतरही तसाच असेल तर स्टोरेज बघा. ३२ जीबीच्या फोनमध्ये अर्धा जीबी रिकामा ठेवून अपडेट मारणारे लोक आहेत, श्वास घ्यायला जागा नाही त्याला. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ उडवा आधी. मग बॅटरी. तीन चार वर्षांची बॅटरी नवीन सॉफ्टवेअरची मागणी झेलत नाही, आणि त्यात आपलं नागपूर. ॲपल आयफोनबद्दल सांगतं की ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. ३५! आपल्याकडे मे महिन्यात ते सकाळीच होतं. गाडीच्या हँडलला मॅप लावून भर दुपारी वर्धा रोडने जाणार, आणि मग अपडेटला शिव्या.

अर्थात शिव्या दरवेळी चुकीच्या नसतात. २०१७ च्या सुरुवातीला ॲपलने एका अपडेटमध्ये गुपचूप सोय करून ठेवली की बॅटरी थकलेली असेल तर आयफोन हळू चालवायचा, नाहीतर अचानक बंद पडतो म्हणून. कारण खरं होतं, पण सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये उघड झालं, माफी मागितली, बॅटरी स्वस्तात बदलून दिल्या. फ्रान्सने २०२० मध्ये त्यावरून अडीच कोटी युरो दंड ठोकला. इटलीने २०१८ मध्येच ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो लावले होते, जुन्या फोनांवर झेपणार नाहीत असे अपडेट लोकांना टाकायला लावले आणि परत जायचा रस्ता ठेवला नाही म्हणून. म्हणजे तुमची जी तक्रार आहे तीच, शब्दाला शब्द.

परत जायचा रस्ता आपल्याकडेही नाही. बऱ्याच फोनांमध्ये अपडेट झाला की चिपमध्ये एक बारीक फ्यूज उडतो, मेनबोर्डवरचा फ्यूज आपण तार लावून परत चालू करतो, हा होत नाही. त्यानंतर जुनं सॉफ्टवेअर मारायला गेलं की फोन ओळखतो आणि सुरूच होत नाही. चोराने जुनं, भोकांचं व्हर्जन टाकून फोन उघडू नये म्हणून ही सोय. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा यूट्यूबवर बघून घरीच मारून आला, फोन डब्बा, ना चार्जिंगचं चिन्ह ना काही. बोर्ड बदलायचा खर्च सांगितला तर म्हणाला इतक्यात नवीन येते. हो, येते. काही फोनांत मागे जाता येतं पण तिथेही सगळा डेटा पुसल्याशिवाय नाही. तेव्हा मी कितीही घेतले तरी करणार नाही.

प्रश्न : अपडेट केल्यावर फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपचं फोल्डरच गायब. त्यात मुलीच्या बारशाचे फोटो होते. प्रतापनगर.

उत्तर : काकू, घाबरू नका, घर बदललं फक्त. अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये नियम आला की प्रत्येक ॲपने आपापल्या खोलीत राहायचं, दुसऱ्याच्या सामानात हात घालायचा नाही. आधी व्हॉट्सॲपचं फोल्डर बाहेर ओसरीत होतं, आता ते अँड्रॉइड नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, त्यात व्हॉट्सॲप. तिथे मीडियात सगळं जसंच्या तसं सापडेल. तुमचा जुना फाइल मॅनेजर त्या खोलीत डोकावू शकत नसेल तर गूगलचं फाइल्स टाकून बघा. सापडले की बारशाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, कारण त्या खोलीतलं सामान व्हॉट्सॲप काढलं की त्याच्यासोबत जाऊ शकतं.

प्रश्न : जुना फोन आहे, अँड्रॉइड ६, दुकानात भाव बघायला वापरतो. वर्षभरापासून बऱ्याच वेबसाइट उघडतच नाहीत, 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' येतं. नेट बदललं, वायफाय बदललं. काही साइट चालतात, काही नाही. (कळमना)

उत्तर : पहिले फोनची तारीख बघा. हसू नका, दहातले चार फोन इथेच बरे होतात. बॅटरी पूर्ण मेली की काही जुने फोन तारीख विसरतात, २०१५ वर जाऊन बसतात, आणि वेबसाइटचा परवाना तपासताना त्यांना वाटतं हा तर अजून सुरूच झाला नाही.

तारीख बरोबर असेल तर मग दुसरं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कुणातरी मोठ्याचा शिक्का, आणि कुठले शिक्के खरे मानायचे याची यादी फोनमध्ये कंपनीतूनच भरून येते. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट सर्टिफिकेट देते म्हणून जगातल्या लहानमोठ्या ढीगभर साइट तिच्यावर आहेत. ती सुरुवातीला एका जुन्या संस्थेच्या शिक्क्यावर चालायची, त्या शिक्क्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. तिचा स्वतःचा शिक्का ७.१.१ पासूनच्या अँड्रॉइडच्या यादीत आहे, तुमच्या ६ मध्ये नाही. तेव्हाच तुमचा फोन अडायचा, पण त्या लोकांनी मस्त जुगाड केला. अँड्रॉइड यादीतल्या शिक्क्याची मुदत संपली का हे बघतच नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या संपत आलेल्या शिक्क्यानेच आपल्या शिक्क्यावर तीन वर्षांची सही करून घेतली. ती सहीही सप्टेंबर २०२४ ला संपली. ज्या साइट दुसऱ्यांचं सर्टिफिकेट वापरतात त्या चालतात, बाकीच्या नाही, म्हणून तुम्हाला ते अर्धं अर्धं वाटून राहिलं.

फोनमध्ये आधीपासून फायरफॉक्स ब्राउझर असेल तर त्यात उघडा, ते स्वतःची यादी स्वतःसोबत ठेवतं, फोनची बघत नाही. अँड्रॉइड १४ पासून ही यादी फोनमध्ये वेगळी अपडेट होते, तेवढी अक्कल आली शेवटी. तुमच्या ६ ला तो उपाय नाही. शिक्का हाताने टाकता येतो पण कुणी पाठवलेला टाकू नका, तो माणूस मग तुमचं सगळं वाचू शकतो. भाव बघण्यापुरतं वापरता ना, मग ठीक, पासवर्ड मात्र त्यावर कुठेच टाकायचा नाही.

प्रश्न : दादा, मी हिंगण्याला इंजिनीअरिंगला आहे, मावसभावाने त्याचा आयफोन ७ दिला. आयओएस १५ च्या पुढे जात नाही. फेकू का वापरू?

उत्तर : वापर. व्हॉट्सॲपला मे २०२५ पासून १५.१ लागतं, तुझं १५ मधलं शेवटचं टाकून घे, काठावर पास आहेस, पुढच्या वर्षीची हमी नाही. नवीन ॲप टाकताना ॲप स्टोअर कधी कधी विचारतं की जुनं चालणारं व्हर्जन देऊ का, हो म्हण. नाही विचारलं तर एखाद्या मित्राच्या नव्या आयफोनवर तुझ्या ॲपल आयडीने ते ॲप एकदा घे, मग तुझ्या फोनवर पर्चेस्डच्या यादीतून टाक, बऱ्याचदा देतं. बॅटरी हेल्थ ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदल, फोन दुसरा वाटेल. आणि त्यावर यूपीआय चालवून मेसच्या मावशीला पैसे पाठवायचे असतील तर खात्यात महिन्याचेच ठेव, बाबांचं खातं जोडू नको.

प्रश्न : मैत्रिणी व्हॉट्सॲपवर पाठवतात ती चित्रं मला दिसतात, तीच साध्या मेसेजमध्ये आली की चौकोन दिसतो. फोन बिघडला का?

उत्तर : नाही ताई. व्हॉट्सॲप आपले इमोजी स्वतः घेऊन येतं, साधा मेसेज फोनच्या फॉन्टवर चालतो, आणि तुमच्या फोनचा फॉन्ट ते चित्र जन्मायच्या आधीचा आहे. चौकोन आला की समजायचं काहीतरी गोड पाठवलंय.

प्रश्न : माझे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फोन अँड्रॉइड ४.४ चा, कपाटात होता. परवा चार्ज करून सुरू केला, व्हॉट्सॲप उघडलं तर अपडेट करा म्हणतं आणि पुढे जाऊच देत नाही. त्यात त्यांनी आम्हाला पाठवलेले आवाजाचे मेसेज आहेत. माझा तेव्हाचा फोन चोरीला गेला. काही होऊ शकतं का? महाल, नागपूर.

उत्तर : होऊ शकतं. पण हे वाचेपर्यंत काही केलं नसाल अशी आशा आहे. व्हॉट्सॲप काढू नका, परत टाकायला जाऊ नका, रिसेट तर अजिबात नाही, आणि दुकानात कुणी 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणालं तर फोन उचलून बाहेर या. ५.० च्या खालच्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप आता चालत नाही, ते तुम्हाला आत घेणार नाही, पण त्यातलं सामान फोनमध्येच पडून आहे.

लिहिलेलं बोलणं एका कुलूपबंद फाइलमध्ये असतं, ते मी काढून देईन असं खोटं सांगणार नाही. आवाजाला कुलूप नाही. फोनची पाठ बघा आधी, फुगलेली वाटली तर चार्जिंगला लावू नका, माझ्याकडे किंवा कुठल्याही हाताने काम करणाऱ्याकडे न्या, दुसरी बॅटरी लावून मग सुरू करू. फुगलेली नसेल तर चांगली डेटा केबल घ्या, नुसती चार्जिंगची चालत नाही, कॉम्प्युटरला जोडा, फोनचं लॉक उघडून ठेवा. कॉम्प्युटरवर फोन दिसेल, त्यात व्हॉट्सॲप, त्यात मीडिया, त्यात व्हॉइस नोट्स. पूर्ण व्हॉट्सॲप फोल्डरच कॉपी करा, निवडत बसू नका. मेमरी कार्ड असेल तर तेही.

कॉपी झाल्यावर बाबांच्या फोनवर वाजवून बघितलं आणि वाजलं नाही तर जीव टांगणीला लावू नका. त्या फायली ओपस नावाच्या प्रकारच्या आहेत, ४.४ चा साधा प्लेअर त्या ओळखत नसतो. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, त्यात वाजतील.

आत गेल्यावर खूप फोल्डर दिसतील, नुसते आकडे लिहिलेले. पहिले चार म्हणजे वर्ष, पुढचे दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा. आणि प्रत्येक फाइलच्या नावात पीटीटी या तीन अक्षरांनंतर वर्ष, महिना, दिवस असतो. तुमचा वाढदिवस, दिवाळी, जी तारीख पाहिजे ती बघून थेट तिथे जाता येतं. त्यांना आलेले मेसेजही त्यात मिसळलेले असतील, आवाजावरून ओळखा. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या, केबल मी देतो.